सभाधीटपणा आणि सेरोटोनिन: मेंदूत नेमकं काय घडतं, गोळ्या कुठे उपयोगी पडतात, कुठे नाहीत

परळकर (धागाकर्ता)

वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम आला, सोसायट्यांच्या वार्षिक सभा आल्या, कंपन्यांची तिमाही सादरीकरणं आली की एक सल्ला हमखास फिरतो: ‘स्टेजवर पाय लटपटतात म्हणजे सेरोटोनिन कमी पडतंय. रोज दोन केळी खा, उन्हात बसा, नाहीतर सेरोटोनिनची गोळी घ्या.’ हा सल्ला ऐकून मुलं औषधाच्या दुकानात जातात, म्हणून हा धागा. औषधशास्त्राची बाजू मी मांडतो. उपचार आणि प्रत्यक्ष सरावाबद्दल जाणकारांनी भर घालावी.

केळ्यापासूनच सुरुवात करू. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं आहे, पण रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामधला पडदा ते अडवतो. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत तयार होतं. तिथून रक्तात आलेलं बहुतेक सगळं प्लेटलेट्स उचलून साठवून ठेवतात. ‘ब्लड सेरोटोनिन’ची तपासणी केली तर आकडा येतो तो मुख्यतः या साठ्याचा. ती तपासणी काही विशिष्ट गाठींच्या निदानासाठी आहे. भाषणाची भीती तिच्यातून कळत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो, ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून. ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, मधल्या रेषेवर, राफे नावाच्या केंद्रकांत दाटीने बसलेल्या असतात. पेशी थोड्या, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले. त्यामुळे ‘सेरोटोनिन वाढलं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठे वाढलं, हे विचारावं लागतं.

डीकिन आणि ग्रेफ या दोघांनी १९९१ मध्ये मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते. राफेकडून एक वाट अमिग्डालाकडे, म्हणजे मेंदूतल्या भीतीच्या केंद्राकडे, जाते. तिथे सेरोटोनिन पुढच्या धोक्याची चिंता वाढवतं: ‘शुक्रवारी काय होणार?’ वाली. दुसरी वाट मेंदूच्या देठातल्या एका करड्या भागाकडे जाते. पळा, लढा किंवा जागीच थिजा हा आदेश तिथून सुटतो. या वाटेवर सेरोटोनिन लगाम घालतं. म्हणजे एकच रसायन आदल्या रात्रीची चिंता वाढवू शकतं आणि प्रत्यक्ष माईकसमोरचा थरकाप आवरू शकतं.

हे माणसांवर तपासलं गेलं ते ब्राझीलमध्ये, साओ पावलो विद्यापीठाच्या रिबेइराव प्रेतो इथल्या शाखेत. चाचणी अशी: माणसाला औषध किंवा नकली गोळी देतात. औषध चढेपर्यंत थांबतात. मग पडद्यावरून सूचना येते की ४ मिनिटांचं भाषण करायचं आहे, तयारीला २ मिनिटं. समोर कॅमेरा आणि टीव्ही, टीव्हीवर स्वतःचाच चेहरा. भाषण ऐन रंगात आलं की मध्येच थांबवून नाडी, रक्तदाब आणि ‘आत्ता किती घाबरला आहात’ याचं मोजमाप घेतात, मग भाषण पुढे चालू. इतक्या साध्या मांडणीत निरोगी माणसाची चिंताही चढते.

या चाचणीत सेरोटोनिनचे काही ग्राहक (पेशीवरचे, सेरोटोनिन ओळखणारे रेणू) अडवणाऱ्या रिटान्सेरिनने भाषणाची भीती लांबली. सेरोटोनिन सोडायला लावणाऱ्या डी-फेनफ्लुरामिनने ती कमी झाली. (ते औषध पुढे १९९७ मध्ये हृदयाच्या झडपांवरच्या परिणामांमुळे अमेरिकेत बाजारातून गेलं, त्यामुळे ते शोधायला जाऊ नका.) आणि महत्त्वाचं म्हणजे, ठरावीक आवाजामागोमाग त्रासदायक आवाज ऐकवून शिकवलेल्या भीतीच्या वेगळ्या चाचणीत हेच रिटान्सेरिन भीती कमी करतं. औषध एकच, निकाल उलट. दोन वाटा वेगळ्या आहेत, या म्हणण्याला हा मोठा आधार.

---

हार्बर लाईन

फार छान मांडलंत. पण एक शंका. स्वीडनमधल्या अभ्यासात सामाजिक भीती असलेल्यांच्या मेंदूत सेरोटोनिन जास्त सापडलं, असं वाचल्याचं आठवतं. जास्त असेल, तर सेरोटोनिन आणखी वाढवणारी गोळी उपयोगी कशी पडते?

---

परळकर

बरोबर आठवतंय. उप्साला विद्यापीठाच्या गटाचा २०१५ मधला अभ्यास. सेरोटोनिनच्या आधीच्या टप्प्यातला रेणू किरणोत्सारी करून टोचला आणि पेट स्कॅनवर तो कुठे किती वापरला जातो ते पाहिलं. सामाजिक भीतीच्या रुग्णांत अमिग्डालासह काही भागांत सेरोटोनिन बनण्याचा वेग निरोगी लोकांपेक्षा जास्त निघाला. ‘कमी पडतं’ या सरधोपट समजाला यातून चांगलाच धक्का बसतो.

मग गोळी कशी चालते? एसएसआरआय गटातली गोळी सेरोटोनिन परत उचलणारा पंप बंद करते. पहिल्या डोसापासूनच दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन साचू लागतं. पण राफेच्या पेशींवर स्वतःचंच सेरोटोनिन ओळखणारे ५-एचटी१ए ग्राहक असतात. साचलेलं पाहून ते पेशीला गप्प करतात. दोन-तीन आठवड्यांत हे ग्राहक मंदावतात, पेशी पुन्हा बोलू लागतात आणि पलीकडच्या भागांतली संवेदनशीलता हळूहळू नव्याने जुळते. परिणाम येतो तो या जुळवणीतून. पहिल्या आठवड्यात काही जणांना उलट जास्त अस्वस्थ वाटतं, त्याचं कारणही बहुधा हेच अर्धवट जुळलेलं यंत्र.

गोळीने बरं वाटलेल्या रुग्णांना ट्रिप्टोफॅन वगळलेलं अमिनो आम्लांचं पेय देऊन मेंदूतलं सेरोटोनिन तात्पुरतं उतरवलं, तर सामाजिक भीती परत डोकं वर काढते, हेही २००४ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे गोळीच्या गुणाला सेरोटोनिन लागतं. भीती सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे झाली होती, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही. तापात पॅरासिटामॉल चालतं, म्हणून ताप काही पॅरासिटामॉल कमी पडल्याने येत नाही.

---

काउंटरपलीकडून

औषधाच्या दुकानात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं एकत्र देतो. डोस माहितीसाठी आहेत. चिठ्ठीशिवाय यातलं काहीही घेऊ नये.

एसएसआरआय गटातलं सर्ट्रालिन साधारण २५ मिग्रॅवर सुरू होतं, आठवड्याने ५०, गरजेनुसार २०० पर्यंत. त्याच गटातलं एसिटालोप्राम ५ किंवा १०, पुढे २० पर्यंत. गुण दिसायला ४ ते ६ आठवडे आणि ‘चाललं की नाही’ हे ठरवायला योग्य डोसावर ८ ते १२ आठवडे. बरं वाटल्यावरही किमान ६ महिने चालू ठेवतात. त्यामुळे शुक्रवारच्या सादरीकरणासाठी बुधवारी सर्ट्रालिन मागणाऱ्याला एकच उत्तर: त्या दिवशी मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी मिळेल, धीर मिळणार नाही. शिवाय घाम आणि हातांना बारीक कंप हे याच गोळ्यांचे दुष्परिणाम आहेत. भाषणाच्या भीतीचा माणूस नेमका त्यालाच घाबरत असतो. त्याला हे आधी सांगितलं नाही, तर भीती वाढली असं समजून तो गोळी टाकून देतो.

गोळी अचानक बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. याच गटातल्या पॅरोक्सेटिनला हे सगळ्यात जास्त. उतरवायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आठवड्यांच्या टप्प्यांनी.

या गोळ्यांबरोबर घेऊ नये अशा गोष्टी: ट्रॅमाडॉल (वेदनाशामक), लिनेझोलिड (प्रतिजैविक), डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध आणि दुकानात ‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारं ५-एचटीपी (सेरोटोनिनच्या आधीच्या टप्प्यातला रेणू). सेरोटोनिन अति झालं तर ताप, बेचैनी, जुलाब, पायाचे स्नायू झटके देणं सुरू होतं. हे दिसलं की थेट रुग्णालय. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, कारण प्लेटलेट्सना सेरोटोनिन उचलू दिलं जात नाही. परळकरांनी वर लिहिलेल्या साठ्याचा संबंध इथे येतो.

२५ वर्षांच्या आतल्या मुलामुलींत पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी मूडवर लक्ष ठेवणं अत्यंत गरजेचं. स्वतःला इजा करण्याचे विचार वाढल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

---

चाळकरी

आणि ती ‘नाटकवाल्यांची गोळी’? प्रोप्रानोलॉल? तिचा सेरोटोनिनशी संबंध आहे का? दोन्ही एकत्र चालतात का?

---

काउंटरपलीकडून

तिचं काम ॲड्रिनॅलिनच्या बाजूने चालतं. हृदयावरचे आणि स्नायूंवरचे बीटा ग्राहक अडवते (म्हणून ‘बीटा ब्लॉकर’), धडधड आणि हाताचा कंप उतरतो. जेम्स ब्लॅक यांना ज्या कामासाठी १९८८ चं नोबेल मिळालं, त्यातलं हे एक औषध. लंडनच्या तंतुवादकांवर १९७७ मध्ये तपासलेलं ऑक्सप्रेनोलॉल याच कुळातलं.

एकेका कार्यक्रमापुरती १० ते ४० मिग्रॅ, तास-दीड तास आधी देतात. दमा असेल तर अजिबात नाही. मुंबईत दम्याचं प्रमाण पाहता हा प्रश्न पहिला विचारावा लागतो. नाडी मुळात मंद, रक्तदाब कमी, हार्ट ब्लॉक असेल तरीही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड ही गोळी झाकून टाकते, ते धोक्याचं. पहिला डोस कधीही स्टेजच्या दिवशी घेऊ नये, सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहतात. आणि घाम हिच्याने थांबत नाही. घामाच्या ग्रंथींचा निरोप वेगळ्या रसायनाने जातो.

एकत्र चालण्याबद्दल: फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यकृतातलं जे एन्झाइम अडवतात, तेच प्रोप्रानोलॉल मोडायला लागतं. त्यामुळे नेहमीचाच डोस भारी पडू शकतो, नाडी फार खाली जाते. दोन वेगळ्या डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या असतील, तर दोन्ही दोघांना दाखवा.

अल्प्राझोलाम या शामक गोळीबद्दल कुणी विचारायच्या आत लिहितो: ते शेड्युल एच१ मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत आहे, दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. भीती उतरवतं, पण ताजी आठवण पुसट करतं. भाषणात नेमका पुढचा मुद्दा सुटतो.

---

समुपदेशक दादर

परळकरांच्या दोन वाटा उपचाराच्या खोलीत रोज दिसतात. आठवडाभर झोप उडवणारी चिंता वेगळी आणि पहिल्या मिनिटातली बोबडी वेगळी. दोन्हींवर इलाजही वेगळा लागतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

गोळ्यांच्या चर्चेत एक अभ्यास राहून जातो, तो आधी सांगते. उप्सालामध्येच २००२ साली काही रुग्णांना सिटालोप्राम ही एसएसआरआय दिली, काहींना गटातली वर्तन-विचार उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी. ९ आठवड्यांनी भाषण करायला लावून मेंदूचे स्कॅन काढले. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला, त्यांच्या अमिग्डालाभोवतीचा रक्तप्रवाह उतरला होता. म्हणजे सरावानेही तिथेच पोचता येतं. याच शहरात २०१७ साली आणखी एक प्रयोग झाला: सगळ्यांना एसिटालोप्रामच दिलं, पण अर्ध्यांना सांगितलं की ‘हे चिंतेवर चालणारं औषध नाही’. खरं सांगितलेल्यांपैकी निम्म्यांना चांगला गुण आला, खोटं सांगितलेल्यांपैकी साधारण सातातल्या एकाला. औषध घेणाऱ्याला ते कसं चालतं हे नीट समजावून सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आता सराव. ८ ते १० पायऱ्यांची शिडी कागदावर लिहा आणि प्रत्येक पायरीला ० ते १०० भीतीचा आकडा द्या. मुंबईत जागांची वाण नाही. २० ला: सोसायटीच्या वॉचमनशी मिनिटभर मोठ्या आवाजात बोलणं. ३५ ला: वाचनालयातल्या व्याख्यानानंतर उभं राहून एक प्रश्न विचारणं. ५० ला: ऑफिसच्या बैठकीत न विचारता एक मुद्दा मांडणं. ६५ ला: सार्वजनिक सभेत आभारप्रदर्शन. ८० ला: १० मिनिटांचं सादरीकरण, प्रश्नांसकट. आठवड्यातून किमान ३ वेळा. पायरी ओलांडायची ती भीती शून्य झाल्यावर नव्हे. ‘जे होईल असं वाटलं होतं ते झालं नाही’ हे दोन-तीनदा पाहिलं की पुढे.

सराव करूनही भीती हटत नाही, अशा बहुतेक वेळा आधाराच्या काठ्या सोडलेल्या नसतात. शब्द न् शब्द कागदातून वाचणं, भरभर उरकणं, कुणाच्याही डोळ्यांत न पाहणं, सतत पाण्याची बाटली हातात. मेंदू श्रेय काठीला देतो आणि भीती जागेवर राहते. दुसरी चूक म्हणजे दरवेळी तीच खोली, तेच चार मित्र. भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं चढतं आणि ते शिकणं जागेला चिकटून राहतं. खोली बदला, वेळ बदला, ऐकणारे बदला.

मोबाईलवर चित्रीकरण करून पाहताना एक क्रम पाळा, नाहीतर उलटा परिणाम होतो. आधी लिहून ठेवा: ‘माझे हात किती थरथरलेले दिसतील? ८०.’ मग अनोळखी माणसाकडे पाहावं तसं आवाज बंद करून एकदा पाहा, मग आवाजासह, आणि पुन्हा आकडा द्या. आत जाणवणारं आणि बाहेर दिसणारं यातलं अंतर बहुतेकांना पहिल्याच खेपेला कळतं.

---

तिसरी घंटा

पहिल्या मिनिटाबद्दल लिहिते. नाडी सगळ्यात वर असते ती तोंड उघडल्यापासूनच्या पहिल्या मिनिटभरात. नंतर ती आपोआप उतरू लागते. म्हणून पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. मधलं सगळं मुद्द्यांवर. सबंध भाषण पाठ केलेल्या माणसाचा एक शब्द हरवला की पुढचं सगळं हरवतं.

एफोर कागद हातात धरू नका. बोटांचा अर्धा मिलिमीटरचा कंप कागदाच्या वरच्या टोकाला बोटभर होतो आणि माईक त्याची सळसळ पकडतो. पोस्टकार्डाएवढे जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या, एका कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवा, म्हणजे पडले तरी क्रम बिघडत नाही. लेझर पॉइंटर तर मुळीच नको. हाताचा कंप पडद्यावर नाचताना अख्ख्या सभागृहाला दिसतो. हातातला माईक असेल तर कोपर बरगडीला टेकवा, माईक तोंडापासून चार बोटं. गुडघे ताठ आवळू नका.

लोकलचे जिने धावत चढून, घामाघूम होऊन थेट व्यासपीठावर जाणं हा इथला हमखास घोटाळा. धावपळीने वाढलेली धडधड मेंदू भीती म्हणूनच वाचतो. अर्धा तास आधी पोचा, त्यातली १५ मिनिटं पंख्याखाली नुसतं बसा. ४ मोजेपर्यंत श्वास आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांबला की नाडी उतरते. कटिंग चहा किमान तीन-चार तास आधीच संपवा, कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण ५ तास लागतात. सर्दीची गोळी घेतली असेल तर घसा आणखी कोरडा पडेल हे धरून चाला.

---

हार्बर लाईन

ताई, हे ताबडतोब वापरता येईल. शेवटचा प्रश्न: साधी भीती आणि आजार यांची सीमा कुठे? आणि मुंबईत फार खर्च न करता कुठे दाखवावं?

---

समुपदेशक दादर

धडधड होते पण माणूस बोलतो, तर तो सरावाचा मामला. भीतीपायी बढती नाकारली, तोंडी परीक्षा चुकवली, एमपीएससीची मुख्य परीक्षा पास होऊनही मुलाखत टाळली आणि हे ६ महिने किंवा जास्त चाललंय, तर दाखवावं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत २०१३ पासून ‘फक्त सादरीकरणापुरती’ सामाजिक भीती ही वेगळी नोंद आहे. डॉक्टरांना हे नेमकं सांगा: इतर वेळी लोकांत मिसळताना त्रास होतो की फक्त व्यासपीठावर? फक्त व्यासपीठावर असेल, तर सराव आणि गरजेपुरती बीटा ब्लॉकर यावर बऱ्याचदा भागतं. सगळीकडेच असेल, तर रोजच्या एसएसआरआयचा विचार होतो. लटपटण्याबरोबर वजन उतरत असेल, उकाडा सोसत नसेल, तर आधी थायरॉइड तपासा.

केईएम, नायर, सायन, जेजे या चारही सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. जाताना एक कागद न्या: कोणत्या प्रसंगी, कधीपासून, काय काय टाळलं, सध्या कोणत्या गोळ्या चालू, दमा आहे का. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टरांना वेळ थोडा असतो आणि ज्याला बोलायचीच भीती आहे, त्याचं तिथे निम्मं राहून जातं. कागद सरळ पुढे करा. फोनवर आधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीतून बोलता येतं.

---

चाळकरी

कागदाची सूचना पक्की. आमच्या मंडळाच्या फलकावर १४४१६ आणि प्रोप्रानोलॉल-दमा हा इशारा, दोन्ही लावतोय.

---

काउंटरपलीकडून

इशाऱ्यात ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही’ हे वर, मोठ्या अक्षरात घ्या. आणि डोसाचे आकडे फलकावर नकोत.